न मारलेला रथ

द्वान देफूला पक्षाघात होऊन वर्ष होत आलं होतं. उजवा हात लुळा पडला, जीभ जरा अडखळू लागली, पण चीनमधल्या लानचौच्या नदीकाठी रोज सकाळी भरणारा चिनी बुद्धिबळाचा अड्डा काही सुटला नाही. जन्मभर कारखान्यात वेल्डिंग केलेला हा माणूस मुळातच ठिणगी. पूर्वी त्याच्यासमोर बसायला लोक कचरत. आता मात्र जो तो आनंदाने बसे आणि आनंदाने हरे. द्वानला या जिंकण्याची शिसारी आली होती. हाताबरोबर आपलं डोकंही गेलंय आणि ही मंडळी आपल्याला लहान पोरासारखं खेळवतायत, या शंकेने त्याची झोप उडाली होती.

म्हणून ताओ लेकीकडून परतल्यावर त्याला हायसं वाटलं. ताओ म्हणजे पटावरचा तीस वर्षांचा वैरी, दयामाया ठाऊक नसलेला.

पण त्या सकाळी ताओही हरला. आणि हरताच उठला. "चलतो रे. भाजी आणायचीय."

"आणि डाव कोण उलगडणार? माझा बाप?"

डाव संपला की पुन्हा पहिल्यापासून मांडायचा, कोण कुठे चुकलं ते काढायचं, ही तिथली रीत. ताओने ती अंगात ताप असतानाही मोडली नव्हती. तो नाइलाजाने बसला.

द्वान डाव्या हाताने एकेक खेळी मांडत गेला. एकही अडली नाही. मध्यावर येऊन त्याने स्वतःचं एक प्यादं पुढे सारलं आणि तिथेच थबकला.

"ही माझी घोडचूक."

"छे, चांगली खेळी होती," ताओ म्हणाला.

"चांगली? तुझी तोफ या टोकाला, माझा रथ त्या टोकाला. तोफेने मारायचं तर तिला वरून उडी घ्यायला मध्ये एक सोंगटी लागते. ती नव्हती. मी गाढवाने स्वतःच्या हाताने नेऊन ठेवली! तू रथ का नाही मारलास?"

"दिसलं नाही मला."

"तुला नाही दिसलं?" द्वानने वर पाहिलं. भोवती दहा-बाराजण उभे होते. पाहणाऱ्याने गप्प बसावं अशी म्हण तिथे पोरंटोरंही सांगतात आणि ती पाळल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. "या भोंग्यांनाही नाही दिसलं? एरवी माझं प्यादं हललं तरी बोंब मारता. तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप?"

कुणी चहाच्या पेल्याचं झाकण चाळवलं, कुणी नदीकडे पाहू लागलं.

ताओने आवाज खाली आणला. "ती सोंगटी उचलताना तुझा डावा हातही थरथरत होता, देफू. नाही मारवला मला."

द्वानला राग यायला हवा होता. आला नाही. चूक त्याची स्वतःची होती, ती त्याने स्वतः शोधली होती, पहिल्या खेळीपासून सगळं त्याच्या डोक्यात जागच्या जागी होतं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"थरथरला तो माझा हात. डाव माझ्या हाताशी खेळतोस की माझ्याशी? मार तो रथ."

"अरे, झाला तो डाव—"

"मार म्हणतो ना, भेकडा!"

ताओने दात-ओठ खाल्ले, तोफ उचलली आणि पटावर अशी आपटली की बाकीच्या सोंगट्या नाचल्या. मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. द्वान नेटाने लढला, एकदा तर ताओला घाम फोडला, पण गेलेला रथ तो गेलाच. सेनापती कोपऱ्यात सापडला.

"खलास!" ताओ ओरडला. "अजून येतं म्हणे खेळता! भाजी विक, म्हाताऱ्या, भाजी!"

घरी श्यूछिनने नवऱ्यासमोर नूडल्सचा वाडगा ठेवला आणि भीतभीत विचारलं, "आज काय झालं?"

"हरलो!" द्वान असा गरजला की शेजारीण डोकावली. "चांगला सडकून हरलो! आण, अजून एक वाडगा आण."