शेडमधली टकटक

गेल्या वर्षी आमच्या बेदाण्याच्या शेडवर मी गिटार वाजवली आणि ती कुणालाही ऐकू आली नाही. कमी ऐकू आली असं म्हणत नाही मी. अजिबात नाही आली.

तासगाव भागात शेडचा हंगाम संपला की शेवटच्या दिवशी निवडणाऱ्या बायकांना जेवण घालतात. दोन महिने त्या खाली मान घालून बेदाणा निवडतात, काळा वेगळा, हिरवा वेगळा. शेवटचा खोका बांधला की रिकाम्या शेडमध्ये पंगत बसते, पुरणपोळी होते, मग कुणी गाणं म्हणतं, कुणी फुगडी घालतं. गेल्या वर्षी मीच जाहीर केलं होतं की यंदा मी गिटार वाजवणार. कुणी मला विचारलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

मी मूळची रहिमतपूरची. साताऱ्याला कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन गिटार घेतली, तीन वर्षं शिकले आणि लग्नानंतर ती कपाटावर ठेवली. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर गप्प झालं, तेव्हा खाली काढली. हळूहळू बोटं परत वळायला लागली. त्याचाच मला जरा जास्त अभिमान झाला होता.

तर त्या दिवशी मी शेडच्या मधोमध खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. वर पत्रा, चारी बाजूंना नुसती जाळी, शेजारच्या शेडवर देठ काढायचं मशीन चालू आणि रस्त्यावर खोके भरायला उभा असलेला ट्रॅक्टर. मला स्वतःला ऐकू येत होतं, म्हणून मी दहा मिनिटं रंगात येऊन वाजवलं. टाळ्या झाल्या. मग आमच्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, फोन घेऊन जवळ आली.

"वैनी, फोटु लय झाक आला बघा तुमचा."

"आणि वाजवलेलं कसं वाटलं?"

"वाजवलं व्हय?" मावशी मागच्या बायकांकडे बघत म्हणाली. "आमाला वाटलं, फोटूसाठी धरलीया."

मी हसले. हसावंच लागतं. पण पुढचे चार दिवस घरात माझ्याशी कुणी नीट बोलू शकलं नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं आणि दोन्ही वेळा मी ते मान्य केलं नाही.

माझी एकच आशा होती, ती म्हणजे आबा. आबा म्हणजे माझे सासरे. पंगतीत ते अगदी समोर बसले होते आणि मी वाजवताना ताल धरल्यासारखी मान हलवत होते. पाचव्या दिवशी मी त्यांना विचारलं. कानाजवळ जाऊन, मोठ्याने, कारण आबांना मोठ्यानेच सांगावं लागतं.

"आबा, तुमाला तरी ऐकू आलं का न्हाई?"

"मला? मला गेली वीस वर्षं कुठलं गाणं ऐकाय येतंय," आबा म्हणाले. "पर तुझी बोटं झकास हलत हुती. म्हणून मीबी मान हलवली."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडू येईल म्हणून हसायला लागले. आबाही हसले. मग म्हणाले, "अगं, उघड्यावर त्या लाकडाचा आवाज कुठवर पुरणार? त्याला मशीन लागतं. आपुन करू की."

आबा फौजेत वायरलेस दुरुस्त करायचे. कानावर हेडफोन चढवून त्यांनी नोकरी काढली आणि तिथेच कान ठेवून आले. घरी आल्यावर त्यांच्या हाताला थोडा कंप सुटला आणि एकदा मोटारीचा स्टार्टर जाळल्यापासून घरात कुणी त्यांना वायरला हात लावू देत नव्हतं. म्हणून मशीन करायचं म्हटल्यावर मला माझ्या गिटारीसाठी आनंद झाला, पण आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो वेगळाच होता.

बोलण्याबोलण्यात वर्ष सरलं. यंदाचा हंगाम तोंडावर आल्यावर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बागेची पावती बघत होता. द्राक्षाच्या घरात पैसा येतो आणि बसायच्या आत उठून जातो, हे मलाही कळतं. त्याने एकच अट घातली. विकत काय आणायचं ते एकदाच आणि एकच. बाकी घरात सापडेल त्यात भागवा. आबांनी लगेच होकार दिला. त्यांच्या दृष्टीने ही अट म्हणजे मेजवानीच होती.

विकत आणली ती काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, आवाज वाढवायची एक सर्किटची पाटी. सांगलीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी आणि आबा एसटीने गेलो. दुकानदार नवीन पोरगा, तो आबांना मोबाईलमधलं काही दाखवायला लागला. आबांनी पाटी उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "ही दुसरी दे. हिच्या पायात गंज हाय." पोराने मुकाट्याने दुसरी दिली. परतीच्या एसटीत आबा खिडकीजवळ ताठ बसले होते.

बाकी सगळं घरातलंच. मुलीच्या एका जुन्या वाजणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डातली पितळी चकती काढून ती गिटारीच्या पोटाला चिकटवली, म्हणजे तारांचा आवाज तिने पकडायचा. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. स्पीकर आमच्याच जुन्या ट्रॅक्टरवरचा. पूर्वी ऊस वाहायला ठेवलेल्या ड्रायव्हरने त्यावर गाणी लावून लावून त्याचा कागद फाडला होता. तो सांधायचं काम मी घेतलं आणि पतंग चिकटवतात तशी कणकेची खळ करून कॅलेंडरचा कागद चिकटवला. फार सुबक झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर उंदरांनी खळ खाल्लीच, वर मूळचा कागदही थोडा खाल्ला.

"जेवाय वाढलंस व्हय त्यास्नी?" आबांनी विचारलं. मग पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन आणि माझ्या जुन्या साडीचा तुकडा लावला. उंदरांना ते आवडलं नाही.

सोल्डर मी करायचं आणि आबांनी सांगायचं, असं ठरलं. त्यांचा हात थरथरायचा आणि माझ्या हाताला काही येत नव्हतं, त्यामुळे दोघांचा मिळून एक कारागीर होत होता. "तिथं न्हाई, पलीकडं. आता टेकव. उचल. अगं उचल म्हणतो न्हवं!" मी वैतागून म्हणायचे, "ओरडू नका, मला ऐकू येतंय." ते म्हणायचे, "मला न्हाई येत." दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघं ओट्यावर बसायचो, आणि सांगते, लग्न होऊन इतकी वर्षं झाली पण आबांशी मी त्या महिन्यात बोलले तितकं कधी बोलले नव्हते.

पेटीचा प्रश्न राहिला. तेलाच्या डब्यात स्पीकर बसवून बघितला तर स्वरांपेक्षा डबाच जास्त वाजला. दोन दिवसांनी आबांनी त्यांच्या खाटेखालची फौजेतली लाकडी पेटी ओढून बाहेर आणली. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नसे. आतला गणवेश, पदकं, पत्रं त्यांनी खाटेवर नीट मांडली आणि पेटी माझ्यासमोर ठेवली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर होता. भोक पाडायला सपाट जागा नेमकी तीच.

"आबा, नाव कापलं जाईल."

"नाव कशाला पायजे? मी हितं हाय की," असं म्हणून त्यांनी जेवायचं ताट झाकणावर उपडं ठेवलं आणि पेन्सिलने गोल मारला. आरी मीच चालवली. अर्धं नाव गेलं, नंबर राहिला. माझे डोळे भरून आले होते आणि भुसा गेला म्हणून मी ते पुसले.

मशीन बोललं. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, इतकं बोललं. पण त्याच्याबरोबर एक अखंड गूंऽऽ यायची, पिठाच्या गिरणीसारखी. आबांना मी ती गूं हाताने दाखवली. ते म्हणाले, "अर्थिंग न्हाई. अर्थिंग पक्की पायजे." मग मशीन शेडवर नेलं, आबांनी वायर घेतली, शेडच्या मागे गेले आणि कुठेतरी जोडून आले. गूं गेली. मी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबल्यावर ऐकलं, तर मशीनमधून येत होतं: टक. मग टक. मग पुन्हा टक.

पुढचे दहा दिवस त्या टकटकीने मला खाल्लं. दर सेकंदाला एक, चुकायची नाही. मी सगळे जोड पुन्हा सोल्डर केले, चकती बदलली, बॅटरी बदलली. आबांना विचारावं तर ते मान्यच करेनात.

"कसली टकटक? मला तर काय ऐकाय येत न्हाई."

"आवं, तुमाला कशी येईल?"

"मशीन माझं हाय. टकटक असती तर मला कळली असती. तुझ्याच कानात मळ असंल."

मळाचं नाव काढल्यावर मीही चिडले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी अबोला धरला. आणि इकडे हंगामाचा शेवटचा दिवस येऊन ठेपला. गेल्या वर्षी कुणाला ऐकू आलं नाही. यंदा ऐकू येईल आणि लोक म्हणतील, वैनींच्या गिटारीला टकटक लागलीय. मला कळेना, दोन्हीतलं वाईट कुठलं.

शेवटच्या दिवशी पंगत उठली, बायका सतरंजीवर ऐसपैस बसल्या. शेजारचं मशीन चालू होतं, रस्त्यावर ट्रॅक्टरही होताच. आबा पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले, पेटीवर हात ठेवून, कारण पेटी शेवटी त्यांची. मी बटण चालू केलं. टक. टक. टक. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी कानशिलं तापली.

तेवढ्यात बाहेर बकरी ओरडली. कुणाची तरी बकरी बागेच्या तारेच्या कुंपणात अडकली होती. रानडुकरं येतात म्हणून कुंपणाला आम्ही झटका मशीन लावलंय, ते दर सेकंदाला तारेत एक झटका सोडतं. नवऱ्याने धावत जाऊन ते बंद केलं, बकरी सोडवली. आणि आत माझं मशीन एकदम शांत झालं. एक टकसुद्धा नाही.

मी गिटार ठेवली आणि पदर खोचून शेडच्या मागे धावले. आबांनी जोडलेली वायर बोटाने धरत गेले, जाळीखालून, पिंपाच्या मागून, आणि ती सरळ जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळीला जाऊन मिळाली. झटका मशीनच्या अर्थिंगच्या सळीला. कुंपणातला प्रत्येक झटका तिथूनच माझ्या मशीनमध्ये येऊन टक करत होता. तिच्याच बुडात आबा रोज कळशीभर मिठाचं पाणी ओततात, म्हणून ती रानातली सगळ्यात ओली जागा.

"आबा!" मी तिथूनच ओरडले. आत आल्यावर पुन्हा ओरडले. "झटक्याच्या सळीला जोडलीत?"

"मग? रानात चांगली अर्थिंग ती एकच हाय," आबा शांतपणे म्हणाले. "जमीन काय येगळी असती व्हय गं?"

नवरा म्हणाला, तासभर झटका बंद ठेवतो, वाजव निवांत. मी वाजवायला लागले. मोठा कार्यक्रम करायचा माझा बेत होता, पण हात आपोआप दुसरीकडे गेले. या बायका निवडताना दोन महिने एक चाल गुणगुणतात, तिला शब्द रोज नवे, कधी मुकादमावर, कधी माझ्यावर. तीच चाल मी धरली. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी म्हणालं, "आगं, ही तर आपली चाल!" आणि दहा-बारा जणी एकदम गायला लागल्या. ट्रॅक्टर होता, शेजारचं मशीन होतं, आणि त्या सगळ्यावरून माझी गिटार शेडच्या टोकापर्यंत पोचत होती.

मावशीने हात वर केला. मी थांबले.

"वैनी, ती टकटक कुठं गेली? ती बरी हुती. आमास्नी टाळी धराय येत हुती."

पोटभर हसून घेतलं सगळ्यांनी. नवऱ्याने जाऊन झटका पुन्हा चालू केला आणि टकटक परत आली. टक आणि टाळी, टक आणि टाळी. दोघी उठून फुगडी घालायला लागल्या. मी इतकी खूश झाले की आवाजाचं बटण आणखी फिरवलं.

"वैनी, जरा बारीक करा!" मावशी ओरडली. "आमचं आमालाच ऐकाय येईना!"

गेल्या वर्षी माझी गिटार फोटोतली होती आणि यंदा हीच बाई मला बारीक कर म्हणत होती. मी मोठ्या तोऱ्यात बटण मागे फिरवलं.

माझ्या मनगटावर हात आला. आबांचा. त्यांचा दुसरा हात अजून पेटीच्या थरथरणाऱ्या झाकणावर, उरलेल्या नंबराजवळ होता, आणि त्या हाताचं एक बोट टकटकीबरोबर हलत होतं.

"बारीक का केलंस गं?" आबा म्हणाले. "मला आत्ता कुठं ऐकाय येत हुतं."

मी बटण पुन्हा फिरवलं, शेवटपर्यंत, आणि मावशीला म्हटलं की तुम्हीच मोठ्याने गा.