व्हर्डाची चकमक

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लाकडी कारखाना. खिडकीतून शरद ऋतूचं पिवळं ऊन, जमिनीवर मेपलच्या लाकडाचा भुसा. मधल्या बाकावर अर्धी झालेली लांब नळीची बंदूक आडवी पडली आहे. बाकाच्या अलीकडे व्हर्डा स्टिल्टनर, चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पलीकडे तिचे वडील आर्विल, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. कोपऱ्यातल्या स्टुलावर मी, कॉफी संपली तरी उठायचं नाव न घेणारा शेजारी.

आमच्या टेनेसीच्या डोंगरात ठासणीच्या बंदुका अजून हातानं घडतात. नळीवर नाव कोरलं जातं ते त्या बंदुकीची हमी घेणाऱ्याचं. व्हर्डानं इतकी वर्षं दस्ते कोरले, पितळ घासलं, पण नाव पडायचं आर्विलचं. शिकणाऱ्याची स्वतःची बंदूक गोमांसाच्या नेमबाजीत, म्हणजे गोमांसाचे वाटे बक्षीस असलेल्या स्पर्धेत, एकदाही दगा न देता उडाली, की मगच तिच्यावर त्याचं नाव. नाहीतर पुन्हा वर्षभर भुसा झाडायचा. ही बंदूक व्हर्डानं एकटीनं केली होती. राहिली होती फक्त चकमक.

चकमक म्हणजे बंदुकीच्या कुशीत बसणारं यंत्र. गारगोटी धरणारा घोडा, तो जिच्यावर आपटतो ती पोलादी पट्टी, आणि खाली चिमूटभर रंजकाची, म्हणजे आधी पेट धरणाऱ्या बारीक दारूची, वाटी. ठिणगी त्या वाटीत पडली तर बंदूक बोलते, नाही पडली तर गप्प. मी उघड्या रंगमंचावर आयुष्यभर वसाहतीच्या काळातले शिकारी रंगवले. कितीदा माझी बंदूक गप्प राहिली आणि समोरचा नट बिचारा आवाजाशिवायच मेला. म्हणून या यंत्राबद्दल मला भारी आदर.

आर्विलनं फडकं उलगडलं. आत त्याच्या आजोबांची चकमक होती, कडा झिजून गुळगुळीत झालेली.

"हीच बसव," तो म्हणाला. "स्टिल्टनरांच्या घरात पहिली बंदूक हिच्यावरच उडते. माझीही उडाली."

व्हर्डानं ती दोन्ही हातांनी घेतली, नवी गारगोटी लावली आणि मांस धुरवायच्या खोलीत शिरली. दार लावून घेतल्यावर तिथे भरदुपारी काळोख. आम्ही दोघं मागोमाग आत. तिनं घोडा सोडला. ठिणग्या निघाल्या, पण लाल, थकलेल्या, वाटीपर्यंत पोचायच्या आधीच विझणाऱ्या. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

बाहेर येऊन तिनं पट्टीवर कानस घासली. कानस पोलादात रुतली.

"बाबा, हिचं पाणी गेलंय, पोलाद मऊ पडलंय. हिला मी भिंतीवर मानानं लावते. बंदुकीवर नाही."

"आजोबांनी हिच्यावर अस्वलं मारली."

"अस्वलं तेव्हाची होती, पट्टीही तेव्हाची होती."

आर्विल खेचरांना चारा घालायला म्हणून गेला तो जेवणालाही आला नाही. घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी मीच दोनदा वाढून घेतली. व्हर्डाचा घास मात्र हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन नव्या चकमकी समोर मांडल्या. एकीवर वेलबुट्टी, हरणाचं डोकं, स्प्रिंग इतकी ताठ की घोडा पडताच अख्खं यंत्र हातात उसळायचं.

"नेम हलवणार ही, आणि गारगोट्या खाणार," व्हर्डा म्हणाली.

दुसरी अगदी साधी. तिनं त्या पट्टीला दिव्याची काजळी फासली आणि घोडा सोडला. गारगोटीनं वरपासून खालपर्यंत सलग ओरखडा काढला, कुठे उडी नाही. कानस पट्टीवरून काचेवरून घसरावी तशी घसरली. मग पुन्हा ती अंधारी खोली. या वेळी ठिणग्या पांढऱ्या होत्या, आणि वाटीत पडूनही क्षणभर चुरचुरत राहिल्या.

नेमबाजीच्या दिवशी डोंगर धुक्यात बुडालेला. असल्या दमट हवेत रंजक ओलसर होतं. जळक्या फळीवर सुरीनं फुलीची खूण, नेमबाज ओंडक्यावर नळी टेकून पालथे. त्यांतल्याच ट्रॉय मलिन्सला व्हर्डाला डिवचल्याशिवाय राहवत नसे.

"काय गं, तुझी बंदूक आज बोलणार की नुसती शिंकणार?"

"तुझं नाक आधी सांभाळ, ट्रॉय."

ट्रॉयच्या बंदुकीनं वाटीतल्या वाटीत भुर्रकन धूर सोडला आणि ती गप्प बसली. लोक हसले. व्हर्डाची प्रत्येक फेरीला कडाडली. घोडा पडणं आणि आवाज यांत फट अशी नव्हतीच. मांसाचे मोठे वाटे दुसऱ्यांनी नेले. तिच्या वाट्याला पाचवं बक्षीस आलं, कातडं आणि चरबी. पण शेवटची गोळी सुटली तेव्हा ओंडक्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या नेमबाजांनी टोप्या काढल्या. असली दाद मला रंगमंचावर कधी मिळाली नाही.

आर्विल गर्दीच्या मागे उभा होता. आपली गाडी घेऊन वेगळा आलेला. तो पुढे आला, नळी हातात घेतली, चकमकीवरून अंगठा फिरवला.

"साधीच आहे," तो म्हणाला.

"साधीच आहे."

"आजोबा असते तर तेही हीच घेते." त्यानं खिशातून कोरायची छिन्नी काढली. "चल घरी. तुझं नाव कोरतो."

व्हर्डानं छिन्नी त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली.

"कोरणार मी, बाबा. तुम्ही फक्त नळी घट्ट धरा."