किती वर्षं धरू?

“बारा महिन्यांची बिलं आना, मंग बोलू.”

कोणी सोलरचा विषय काढला की काकांचं हे वाक्य ठरलेलं. बोलता बोलता चष्मा कपाळावर सरकायचा, बिलं समोर आलीच आहेत अशा थाटात. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला ते चहा पाजत, कपाशीच्या भावाचं बोलत, त्याच्या लेकराबाळांची चौकशी करत. सोलरबद्दल मात्र एक अक्षर नाही.

मलकापुरात बुलडाणा रोडला आमची कॉलनी आहे. माझ्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. मी शाळेत गणित शिकवते; ते वीज कंपनीत मीटर रीडर होते. तीसेक वर्षं त्यांनी अर्ध्या तालुक्याची मीटरं वाचली, आधी सायकलवर, मग मोपेडवर. मीटर रीडर तुम्हीही पाहिला असेल. तो दारात येतो, आकडा लिहितो आणि जातो. त्याचा चेहरा आपल्या लक्षात राहत नाही. काकांच्या मात्र सगळी घरं लक्षात होती. कोणाचं मीटर जिन्याखाली, कोणाचं कोंबड्यांच्या खुराड्यावर, कोणाचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणाचा खरंच चावतो, हे त्यांना निवृत्तीनंतरही पाठ होतं.

मग घराघरांवर सोलर बसवायची लाट आली आणि काकांच्या ओसरीवर माणसं येऊ लागली.

मीही गेले. पुण्याच्या जावेने तिच्या गच्चीवरचे फोटो पाठवले होते, म्हणून मलाही हवं होतं. काकांनी माझी बारा बिलं खाटेवर ओळीने मांडली आणि वाकून एकेक पाहिलं.

“मार्चमधी आठ-दहा दिवस घर बंद होतं तुमचं.”

“हो. अमरावतीला लग्न होतं.”

“अन् डिसेंबरात कोनी बिमार होतं.”

सासूबाई होत्या. दिवसातून तीनदा गरम पाणी, खोलीत हीटर. शेजारणीलाही माहीत नसलेलं आमचं वर्ष त्या कागदांवर पडलेलं होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

“मॅडम, लावू नका,” ते म्हणाले.

“काऊन?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“थो डिसेंबर सोडला तं तुमी शंभर युनिटाच्या आतले. खालचे युनिट सस्ते, वरचे महाग. सोलर परवडते थे वरच्या युनिटाच्या भरवशावर. तुमच्याकडं वरचे युनिटच नाई. पैसे निघता निघता लय वर्षं जातीन. घरात एसी घ्यान तवा या.”

मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. बिल कमी येतं याचा आनंद व्हायला हवा होता. पण आपण सोलरच्या लायकीचेही नाही, असं काहीतरी मनात घेऊन मी घरी आले.

ज्यांचं बिल मोठं, त्यांच्यासाठी काकांचा दुसरा प्रश्न तयार असे. “या घरात अजून किती वर्षं राहान?” लोकांना तो विचित्र वाटायचा. पण भाड्याने राहणारा, बदलीवाला, मुलाकडे जाण्याच्या बेतात असलेला, असे कितीतरी जण तिथेच थबकायचे. “पैसे पाच वर्षांत निघतात, अन् तुमी दोन वर्षांत निघता,” काका म्हणायचे, “मंग ऊन कोनाचं झालं?”

स्टेशनजवळच्या एका कापडवाल्या शेठजींना पॅनल घराच्या पुढच्या अंगाला हवे होते, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. त्यांचं घर उत्तरेकडे तोंड केलेलं. काकांनी मला नंतर त्यांचं संभाषण ऐकवलं. “मी म्हनलं, शेठजी, सूर्याले रोड दिसत नाई. त्याले दक्षिन दाखवा.” शेठजी बराच वेळ खट्टू होते. शेवटी पॅनल मागच्या बाजूला लागले, तेही विकणाऱ्याने सांगितले होते त्याच्या निम्मे. तेवढ्यात त्यांचं बिल जवळजवळ संपलं आणि शेठजी दर दिवाळीला काकांकडे मिठाई पाठवू लागले.

निम्मेच पॅनल खपले म्हणून विकणारा मात्र काकांकडे आला. “तुम्ही फक्त हो म्हणत जा, काका. तुमचंही बघू आम्ही,” म्हणाला. काकांनी त्याला चहा दिला, बिस्कीट दिलं आणि म्हणाले, “बरं. तुमच्या घरची बारा महिन्यांची बिलं आना.” तो भाड्याच्या खोलीत राहत होता, लाईट घरमालकाची. बिचारा चहा पिऊन गेला. पुढे तो काकांकडे येऊन बसायला लागला आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगायलाही शिकला, असं काकू सांगायच्या.

एका गोष्टीवर मात्र काकांचा आवाज बदलायचा. लाईट गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं, हे लोकांना पटत नसे. वर एवढं ऊन तळपतंय आणि घरात पंखा बंद, हे काय? आमच्या गल्लीतले एक गृहस्थ याच कारणाने त्यांच्याशी भांडायला गेले. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “लाईट जाते तवा खांबावर मानूस चढते, साहेब. तुमच्या गच्चीवरून करंट उलटा तारेत गेला, तं थो मानूस काय करीन?” त्यांचा एक लाईनमन मित्र असाच गेला होता, कोणाच्या तरी जनरेटरच्या उलट्या करंटने. त्याबद्दल काका दोन वाक्यांपेक्षा जास्त कधी बोलले नाहीत. ते गृहस्थ मग बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर कसा बसवायचा, ते विचारून घरी आले.

एवढं सगळं असून काकांच्या स्वतःच्या छतावर काही नव्हतं. “दोन मानसं, दोन पंखे, एक टीव्ही. आमाले कायले?” ते म्हणत. मुलगी लोणारच्या दवाखान्यात नर्स होती, शनिवारी एसटीने यायची. उन्हाळ्यात कूलरसुद्धा काकू दुपारी दोन तासच लावायच्या.

मग काकूंच्या फुप्फुसांनी कुरकूर सुरू केली. आयुष्यभर आधी चुलीचा धूर, नंतर जिनिंग कारखान्यातल्या कामाचा कापूस. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, दिवसाचे पंधरा-सोळा तास तरी नळी नाकाला असू द्या. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन गोळा करतं आणि विजेवर चालतं. काकांनी ते आणलं, खाटेशेजारी ठेवलं, लाईट गेली तर म्हणून इन्व्हर्टर आणि कोपऱ्यात एक लहान सिलिंडरही ठेवला. पहिल्याच महिन्यात त्यांचं बिल आमच्या दुप्पट आलं.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, एका रविवारी सकाळी, आमच्या पायरीवर बसून.

निवृत्त झाले तरी ते घरचं मीटर रोज सकाळी वाचत, सवयीने. मशीन किती तास चाललं तर किती युनिट जळायला हवेत, हे त्यांना तोंडपाठ. आणि आकडा कमी येत होता. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मशीन बिघडलं म्हणावं तर ते व्यवस्थित चालायचं. मग एके दिवशी ते बाजाराची पिशवी घेऊन निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. फाटकापाशीच त्यांचं मीटर आहे. त्यावरचा लाल ठिपका तुम्ही पाहिला असेल. वीज जास्त जळत असली की तो भराभर लुकलुकतो, कमी असली की सावकाश. काका फाटकाबाहेर उभे राहिले आणि ठिपक्याकडे बघत राहिले. तो फार सावकाश लुकलुकत होता.

आत गेले तर मशीन बंद. काकू खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. ओठ निळसर.

“काय व, बंद काऊन केली?”

“बसून तं हावो मी. बसल्या मानसाले काय हवा लागते?” काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, श्वास घेऊन म्हणाल्या, “तुमीच तं साऱ्या गावाले सांगता, फालतू जळू देऊ नका.”

हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते. “मॅडम, मी बाहेर गेलो का थे बंद करे. मी आलो का चालू. आठ दिवस मले समजलं नाई. मी मीटर वाचनारा मानूस.”

मी चहा आणला. तो त्यांनी घेतला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला.

“सोलरचा हिशेब केला. पन माह्या हिशेबात माया येऊन राह्यली. तुमी गनिताच्या. तुमी पाहा.”

मी पाहिला. युनिट बरोबर होते, दर बरोबर होते, सरकारी अनुदान वजा केलेलं होतं. पैसे निघायला पाच वर्षांच्या वर लागत होते. खाली एक ओळ कोरी सोडलेली होती: वापर किती वर्षं. सगळ्यांना ते जो प्रश्न विचारत, तो.

“किती वर्षं धरू?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, ते मला माहीत होतं: दोन, फार तर तीन. काकांनाही माहीत होतं. दोन धरली तर हिशेब तोट्याचा होता, आणि दुसरं कोणी असतं तर काकांनी “लावू नका” म्हणून चहा मागवला असता.

“काकूंना विचारा,” मी म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. काकू नळी लावून बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मागच्या कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती. काकांनी कागद हातात धरून, कामावर विचारावं तसं विचारलं, “सोलर लावतो म्हनतो. किती वर्षं धरू?”

काकूंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं.

“दहा धरा,” त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कोऱ्या ओळीत दहा लिहिलं आणि कागदाची घडी केली. “मंग परवडते,” म्हणाले.

पंधरा दिवसांत पॅनल लागले. तो चहा पिऊन गेलेला विकणाराच ते लावायला आला आणि दोन दिवस छतावरून हलला नाही. दिवसभर जास्तीची वीज तारेत जाई, रात्री मशीनसाठी तीच परत मिळे, आणि महिन्याचं बिल जवळजवळ शून्यावर आलं. आता काकूंना मशीन बंद करायला कारण उरलं नाही. काका त्यांना पुन्हा पुन्हा सांगत, “उन्हाचं आहे. वापर.” आणि त्या वापरू लागल्या. नुसतं मशीन नाही. त्या उन्हाळ्यात त्या घरातला कूलर पहिल्यांदा सकाळपासून चालला. काकूंचे ओठ परत ओठांसारखे दिसू लागले. हिवाळ्यात त्या अंगणापर्यंत चालत यायच्या, लांब नळी मागे ओढत, आणि खुर्चीवर बसून आम्हाला पापड लाटायला शिकवायच्या, म्हणजे चुका काढायच्या.

मलकापूरच्या हवेत हंगामात कापसाची बारीक लव उडते. ती पॅनलवर बसते, वरून हायवेची धूळ. काका रोज सकाळी ऊन तापायच्या आत वर जात आणि काकूंच्या जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्याने पॅनल पुसत. मी शाळेत निघताना ते दिसायचे. खालून काकूंचा आवाज यायचा, “वाकू नका तिकडं, पडसान.” दोन वर्षं गेली. तीन गेली. डॉक्टरांनी मुलीला काय सांगितलं होतं, ते आम्ही सगळे विसरून गेलो.

चौथ्या वर्षी, माघात, काका गेले. पहाटे झोपेतच. आजार नाही, दुखणं नाही. काकू चहासाठी उठवायला गेल्या तेव्हा मशीन चालू होतं आणि काका नव्हते.

मी गेले तेव्हा काकू रडून झाल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “यायनं माहीच वर्षं धरली व मॅडम. सोताची धरलीच नाई.” एवढं बोलून त्यांना दम लागला. मुलीने त्यांची नळी नीट केली.

मुलीने मग मलकापूरला बदली करून घेतली. ती दवाखान्यात जाते, काकू घरी असतात. पॅनल पुसायला रविवारी तो विकणारा येतो. कोणी त्याला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी सोलरचे पैसे पूर्ण निघाले. मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा काकूंनी फक्त “हाव का” म्हटलं आणि ताटात गहू निवडत राहिल्या.

या मे महिन्यात एका दुपारी शाळेचं निकालाचं काम उरकून मी त्यांच्याकडे गेले. बाहेर डांबर पातळ झालं होतं. त्यांच्या खोलीत दार लोटलेलं, कूलर पूर्ण सोडलेला, वाळ्याचा वास, आणि खाटेशेजारी मशीनची संथ घरघर. गल्लीतल्या दोन बाया शेवया मोडत बसल्या होत्या. काकूंनी उशी पुढे केली. “टेका जरासक. घरी जाऊन कायले भाजता?”

मी पाच मिनिटं म्हणून जमिनीवर आडवी झाले. त्या हळू आवाजात कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. थोडा वेळ ते कानावर येत राहिलं. माहेर सुटल्यापासून मी दुपारी कोणाच्या घरी झोपले नव्हते. जाग आली तेव्हा बाया गेल्या होत्या, ऊन उतरलं होतं, आणि माझ्या अंगावर कोणीतरी पातळ चादर घातली होती.