लाखात पाच हजार चौऱ्याऐंशी कमी

आमच्या थोरल्या मुलीची पहिली दोन मुले जगली नाहीत. एक सात दिवसांचे होऊन गेले, दुसरे दीड महिन्याचे. तिसऱ्या वेळी तिला दिवस गेल्याचे पत्र कल्याणहून आले, तेव्हा फाल्गुन लागला होता. पत्र मी मोठ्याने वाचून दाखवले. माझी पत्नी ऐकता ऐकताच उठली, देवापुढे गेली, आणि परत आली ती नवस बोलूनच. मूल सुखरूप झाले तर त्रिपुरी पौर्णिमेला तळ्याकाठच्या महादेवापुढे एक लक्ष वाती लावीन, आणि सगळ्या स्वतःच्या हाताने वळीन.

लाख हा आकडा बोलायला सोपा आहे. मी त्याच दिवशी त्याला भागून पाहिले. बाळंतपण आश्विनात, म्हणून वाती त्याआधी व्हायला हव्यात; फाल्गुनापासून भाद्रपदअखेरपर्यंत दिवस साधारण दोनशे दहा. म्हणजे रोजच्या पावणेपाचशे वाती, एकही दिवस न चुकता. मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मग आजपासूनच बसायला हवं," आणि कापूस काढून बसली.

दुपारची जेवणे उरकली की ती बोटांना राख लावून मागच्या पडवीत वाती वळायची. वळण्याचा तिला कंटाळा नव्हता. मोजण्याने मात्र ती रडकुंडीला यायची. तीनशेवर आली की दारात कोणीतरी हाक मारी, आकडा सुटे, आणि ती सगळा ढीग परत मोजायला घेई. एका दुपारी तिने त्याच तीनशे वाती चार वेळा मोजल्या. मग मी मध्ये पडलो. माझ्या वडिलांच्या वेळचा औषधे तोलायचा लहान काटा घरात होता. मी एक हजार वाती दोनदा मोजल्या आणि तोलल्या. भरल्या चार तोळे दोन मासे, म्हणजे बरोबर पन्नास मासे. तिला म्हटले, "आता तू नुसत्या वळ. पन्नास मासे झाले की मी पुडी बांधीन. एक पुडी म्हणजे एक हजार. शंभर पुड्या झाल्या की लाख."

तिने काट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "इकडून तोलणं म्हणजे मोजण्यासारखंच ना?"

"मोजण्याहून बरं. काटा कोणी हाक मारली म्हणून विसरत नाही."

तिचा विश्वास बसला. तिच्या मते मी सगळ्या ठाणे गावात सर्वांत बिनचूक माणूस होतो, आणि खोटे कशाला बोलू, माझेही मत त्याहून फार वेगळे नव्हते.

आमच्या शेजारी इंग्रजी शाळेतले एक मास्तर राहत. दर रविवारी रेल्वेने मुंबईस जाऊन ते प्रार्थनेला बसत, मूर्तिपूजा मानीत नसत, आणि आमच्या घरचा चहा मात्र मनापासून मानीत. पडवीतला कापसाचा ढीग पाहून ते पत्नीला म्हणाले, "वहिनी, लाख लावल्या तर देव पावणार. आणि नव्व्याण्णव हजार लावल्या तर? रुसून बसणार?"

"मास्तर, तुमच्या शाळेत पोरानं अर्धाच धडा लिहून आणला तर तुम्ही काय करता?"

"छडी देतो. पण मी मास्तर आहे, देव नव्हे."

"तेच म्हणते. तुम्ही एवढे कडक, तर तो केवढा असेल!"

मास्तरांनी हात जोडले आणि चहा घेतला. त्यांचे म्हणणे असे की, ईश्वर बापासारखा आहे, तो कोणाला शिक्षा करीत नाही आणि लाचही घेत नाही. माझे म्हणाल तर मला दोन्हीकडचे पटे आणि दोन्हीकडचे खटके. तरुणपणी मी एकदा ओळखीच्या तेवीस सज्जन माणसांची यादी करून त्यांचे पुढे काय झाले ते समोर लिहिले होते. अकरा जणांचे बरे झाले, बारा जणांचे वाईट. एवढ्यावरून काही काढता येत नाही म्हणून तो कागद मी फाडून टाकला होता.

ज्येष्ठात पाऊस सुरू झाला तेव्हा अडतीस पुड्या बांधून झाल्या होत्या. उरलेल्या बासष्ट पावसात झाल्या. भाद्रपदाच्या अखेरीस शंभरावी पुडी बांधून मी टोपलीत ठेवली, तरी पत्नी वळतच होती. दोन दिवसांनी तिने आणखी एक ढीग पुढे केला. "ही एक वरची असू दे. चुकलंमाकलं."

"चूक असती तर वरची लागली असती. शंभर म्हणजे शंभर." मी त्याचीही पन्नास माशांची पुडी बांधली खरी, पण टोपलीत न टाकता काट्याच्या पेटीत ठेवली.

थोरली बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि आश्विनात बाळंत झाली. मुलगी झाली, सुखरूप झाली. त्रिपुरी पौर्णिमेला शंभर पुड्या तुपात भिजवून महादेवापुढे लावल्या. ज्वाळा माणसाच्या कमरेएवढी उठली. पत्नी घरी आली ती न्हाऊन निघाल्यासारखी दिसत होती.

पौषात नातीला खोकला झाला. ती तीन महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी ताप चढला, छाती भात्यासारखी हलू लागली, अंगावर पिईना. इस्पितळातले डॉक्टर येऊन पाहून गेले. त्यांनी एक पांढरी पूड दिली, तिचे सारखे बारा भाग करून चार दिवस द्यायला सांगितले, आणि म्हणाले, "चार दिवसांत कळेल." काय कळेल ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पूड तोलायला मी काट्याची पेटी उघडली. वरच ती पुडी होती. बारा भाग करून झाल्यावर सहज ती पारड्यात टाकली. भरली शेहेचाळीस मासे. मला वाटले, उंदराने कुरतडली. कागद तर अखंड होता. काटा तपासला, काटा बरोबर होता. मग पुडी सोडून वाती मोजल्या. नऊशे अठरा. पुन्हा मोजल्या. नऊशे अठराच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापूस पावसाळ्यात ओल धरतो. शिमग्यातले पन्नास मासे आणि श्रावणातले पन्नास मासे यांत फरक होता; श्रावणात मी वातींबरोबर पाणी तोलत होतो. कचेरीत रोज सकाळी पडलेल्या पावसाचा आकडा लिहिणे हे माझेच काम. सगळा पावसाळा मी पाऊस मोजला, आणि घरात तोच पाऊस माझ्या पारड्यात बसला होता हे मला दिसले नाही. एका पुडीत ब्याऐंशी कमी, अशा बासष्ट पुड्या. पाच हजार चौऱ्याऐंशी.

मी उठून मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "अहो, यात भिण्यासारखं काय आहे? ईश्वर तान्ह्या मुलीला तुमच्या काट्यासाठी धरील का?"

"मला तसं वाटत नाही. बाळाच्या आजीला वाटेल. तिनं विचारलं तर काय सांगू?"

"सांगू नका," असे म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले होते, हे मी पाहिले. मग म्हणाले, "असत्य बोला असं तर मी सांगू शकत नाही."

"म्हणजे तुमचा देव शिक्षा करीत नाही, पण सोडवतही नाही."

"खरं आहे," ते ओशाळून म्हणाले. "मी येऊ का तुमच्याबरोबर?" मी नको म्हटले.

घरी आलो तर बाळंतपण केलेली कोपरी गावची सुईण मागच्या पडवीत नातीची छाती ओव्याच्या पुरचुंडीने शेकत बसली होती. तिचे घरदार पिढ्यान्पिढ्या मिठागरावर राबलेले. हात खरखरीत, पण तान्ह्या पोराला लागत नसत. पत्नी तिला म्हणत होती, "आमच्या हातून काही राहिलं असेल गं. त्याशिवाय असं होत नाही."

"काय नाय रायलं, बाय. देव काय तुज्या दारात मोजाला बसलाय? त्याच्या मनात येल तं देल, नाय तं नेल. माजी चार गेली. मी काय केलतं?"

"मग तू देवीला नारळ कशाला देतेस?"

"वळख ऱ्हावाला पायजे ना! आन् नाय ऐकलं तं आमी तिला शिव्या पन देताव."

इतक्या चिंतेतही माझ्या मुलीला हसू फुटले. सुईण गेली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा काही लपवू शकत नाही. कचेरीतही कोणी मला पत्त्यांच्या डावाला घेत नसत.

"लाख पुऱ्या होत्या ना?" तिने विचारले.

"नव्हत्या," मी म्हटले, आणि ओलीची सगळी हकीकत सांगितली.

"किती कमी?"

"पाच हजार चौऱ्याऐंशी."

ती भिंतीला टेकली. मला वाटले होते, ती माझ्यावर रागावेल. मी तेच मागत होतो. म्हटले, "चूक माझी आहे. तू वरची पुडी देत होतीस, मीच घेतली नाही. देवाला शिक्षा करायचीच असेल तर माझं घर त्याला ठाऊक आहे. त्यानं मला ताप द्यावा."

"असं अभद्र बोलू नये," ती म्हणाली. "मला मेलीला तेव्हाच कसं कळलं नाही! म्हणूनच बाळाला भोगावं लागतंय."

तेव्हा खाटेवरून मुलगी म्हणाली, "आई, मग माझी आधीची दोन कोणाच्या चुकीनं गेली?"

तिचा आवाज अगदी साधा होता. पाणी मागावे तसा.

"तेव्हा नवस नव्हता, वाती नव्हत्या. मग माझंच काही राहिलं असणार. दोन वर्षं मी तेच शोधते आहे. सासरी कोणी तोंडावर बोललं नाही, पण मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे आणि मला एकटीलाच माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग ना. मी रागावणार नाही."

पत्नी उठली. बावीस वर्षांच्या मुलीच्या पायाशी जाऊन बसली आणि तिचे तळवे दाबू लागली. दाबता दाबता म्हणाली, "तुझं काही राहिलं नव्हतं."

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

"मग बाळाचं?"

तिला आता दोन्हींपैकी एकच धरता येत होते, हे मला दिसत होते. आपले जन्मभराचे मानणे धरावे तर मुलगी सुटत नव्हती. त्या घटकेला मला माझ्या चुकीचा जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा पुढे कधी झाला नाही.

"बाळालाही कशाची शिक्षा नाही," ती शेवटी म्हणाली. "थंडी पडली, खोकला झाला." मग उठली आणि कापूस घेऊन आली.

मी विचारले, "आता कशाला?"

"हाताला काही तरी हवं. नुसतं तिच्या छातीकडे बघत बसवत नाही."

मी कचेरीत रजेची चिठ्ठी पाठवली आणि शेजारी बसलो. मला वात वळता येत नव्हती. माझी पहिली वात पाहून मुलगी म्हणाली, "आबा, ही वात की अळी?" दहा-बारा बिघडल्यावर जरा जमू लागले. मी म्हटले, "पेटीतल्या नऊशे अठरा धरल्या तर चार हजार एकशे सहासष्टच लागतील." मला वाटले, पत्नी ऐकून घेणार नाही. पण ती म्हणाली, "धरा की. त्याही माझ्याच हातच्या आहेत." तीन दिवस दुपारी आम्ही तिघे वळत होतो, एकेक मोजून. काटा मी माळ्यावर टाकला होता.

चौथ्या दिवशी सकाळी नात पोटभर प्यायली आणि झोपली. छाती हळू चालत होती. तेव्हा सोळाशे चाळीस वाती झाल्या होत्या. मास्तर आले, पाळण्यात डोकावले. डॉक्टरांची पूड लागू पडली, असे ते म्हणाले. सुईण म्हणाली, देवीला तिने चांगले सुनावले होते. पत्नीने दोघांनाही चहा विचारला आणि कोणाचेही म्हणणे खोडून काढले नाही.

राहिलेल्या वाती माघात पुऱ्या झाल्या. मुलगी कल्याणला जायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही महादेवाला गेलो. भटजींनी पळीत पाणी घेऊन विचारले, "संकल्प कसला सांगू?"

"काही नको," पत्नी म्हणाली. "नुसत्या लावायच्या आहेत."

भटजींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. वाती पेटल्या. मग पत्नीने पदराच्या गाठीतून दोन वाती काढून मुलीच्या हातावर ठेवल्या. त्या चांगल्या जाड आणि लांब होत्या, बाकीच्यांसारख्या नव्हत्या.

"या कसल्या?" मुलीने विचारले.

"तुझ्या दोघांच्या. मोजणीतल्या नाहीत."

मुलीने नातीला माझ्याकडे दिले आणि खाली बसून त्या दोन वाती तुपात बुडवून एकीला एक लावून पेटवल्या. नातीने माझ्या पगडीत बोटे अडकवली होती, त्यामुळे मला वाकून नीट दिसले नाही. पण आईने मुलीच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि दोन्ही वाती विझेपर्यंत तो तिथेच होता.