रांजणाचा काठ

बाहेरचं, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टी निघाल्या की मी बायकांमधून उठून जायचे. विश्वास नव्हताच, आणि घरी कामंही पडलेली असायची. भूत बघायलासुद्धा सवड लागते. ती मला लग्न झाल्यापासून कधी मिळाली नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे. भाची म्हणते, अशा अनुभवांचं एक सदर येतं, तिकडे पाठव. बघू.

आमचं घर भोकरदनला, जुन्या वस्तीत. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. मागच्या दाराजवळ न्हाणी होती – बसायला एक मोठा घडीव दगड आणि त्याला लागून, जमिनीत अर्धा पुरलेला दगडी रांजण. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून रांजण कायम भरलेला. त्याचा काठ एकाच जागी गुळगुळीत झाला होता. सासूबाईंच्या हाताने. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. दगडावर बसून अंघोळ करायच्या आणि उठताना उजव्या हाताने रांजणाचा काठ धरायच्या. त्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. ऐंशीच्या पुढे गेल्या तरी अंघोळीला त्यांनी कधी कोणाचा हात मागितला नाही.

गेल्या वर्षी आम्ही पोरासाठी स्थळं बघायला लागलो. आमचे मालक म्हणाले, "आता पोरीकडचे देवघर न्हाई बघत, आधी बाथरूम बघतेत." बजेट ठरलं – साठ हजार. एक पैसा वर नाही.

करीम मिस्त्री टेप घेऊन आले. न्हाणी मोजली, रांजणसुद्धा मोजला, सगळं डायरीत टिपलं. मग मला म्हणाले, "लिवा भाभी." मी याच वहीत लिहीत गेले. भिंतीच्या टाइल्स, खालची फरशी, कमोड, नळ-पाइप, वरची टाकी, फायबरचा दरवाजा, आरसा, सिमेंट-रेती, मजुरी. शेवटी ते म्हणाले, "अन् एक स्टीलचं हँडल लिवा, भिंतीला. अम्मा धरून उठतील. नऊशे रुपये. फरशी बी खरबरीत घ्या मालक, चकचकीत लई घसरते."

बेरीज चौसष्ट हजारांच्या वर गेली.

"काटा मंग काय काय ते," मालक म्हणाले. चकचकीत टाइल्स आणि फरशी काटायच्या नव्हत्या. आरसा काटायचा नव्हता, तो अकराशेचा. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काट."

"आत्याबाई काय धरून उठतील?" मी म्हणाले. त्यांना नाही, वहीकडे बघूनच म्हणाले. मोठ्याने बोलायची सवय नाही.

"तू हाईस ना धरायला! फुकटात." मालक हसले. "अन् म्हातारी आता किती दिवसाची? आरसा तीस वर्षं राह्यल."

आत्याबाई दोन हातांच्या अंतरावर बाजेवर बसलेल्या होत्या. कान शाबूत होते त्यांचे.

करीम मिस्त्री हसले नाहीत. मी पट्टी घेतली आणि त्या ओळीवर सरळ रेघ ओढली. मालकांनी सांगितली, पण ओढली मीच. ते पान अजून या वहीत आहे, मागे.

रांजण फोडायला दोन माणसं लागली. घणाचे आवाज ऐकून आत्याबाई भिंत धरत-धरत आल्या.

"रांजण फोडला व्हय रे?"

"आई, वर टाकी बसून राह्यली. पाणी आता नळाला येईल."

"पाण्याचं कोन इचारून राह्यलं?"

एवढंच म्हणाल्या आणि परत गेल्या. आम्हाला सगळ्यांना रांजण म्हणजे पाणी ठेवायची वस्तू वाटत होती. त्यांच्यासाठी तो अंघोळीतून उठायचा हात होता. मला ते माहीत होतं... तरी मी गप्प बसले.

नंतर रोज मी त्यांना धरून अंघोळ घालू लागले. त्यांना ते आवडत नव्हतं. "माह्या अंगाचं आता मला ओझं न्हाई, तुला हाय," म्हणायच्या.

पोरीकडचे रविवारी दुपारी आले. मी भजी तळत होते. आत्याबाईंना सांगून ठेवलं होतं, "थांबा, पाहुणे गेले की मी येते." पण सोयऱ्यांसमोर जुनं लुगडं नको, म्हणून त्या एकट्याच अंघोळीला आत गेल्या. पडल्याचा आवाज झाला, पण त्यांचा आवाज नाही. पाहुण्यांसमोर ओरडायचं नाही, एवढं भान त्यांना फरशीवर पडल्यावरसुद्धा होतं. पाच मिनिटांपूर्वीच पोरीच्या मामाने टाइल्सची तारीफ केली होती.

खुबा मोडला. दीड महिना बाजेवर काढला. पडल्यापडल्या उजवा हात वर करायच्या आणि हवेत काहीतरी धरल्यासारखी बोटं वळवायच्या. "काय पाहिजे आत्याबाई?" विचारलं, तर म्हणायच्या, "उठू दे मला." तसंच म्हणत एक दिवस गेल्या. सोयरीकही जमली नाही. पत्रिका जुळत नाही, असा निरोप आला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाण्याने अंघोळ केली. वाफेने भिंत सगळी ओली झाली होती, टाइल्सवरून थेंब ओघळत होते. उजव्या भिंतीवर एक जागा मात्र कोरडी. चार बोटं. पसरलेला पंजा नाही – काठ पकडावा तशी वळलेली बोटं. मधलं अर्धं.

मी तांब्याने पाणी मारलं. पाणी दोन्ही बाजूंनी वाहून गेलं. त्या जागी एक थेंब टिकला नाही.

"साबण लागला असंल," मालक म्हणाले. त्यांनी स्वतः ॲसिड लावून घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

करीम मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टाइल ठोकून बघितली, मागे पोकळ नव्हती. ओल नव्हती. उरलेल्या खोक्यातली नवी टाइल काढून बसवली. चौथ्या दिवशी नव्या टाइलवर तीच चार बोटं. मिस्त्रींनी पुन्हा येऊन ती बघितली. मग जुनी डायरी काढून पानं उलटली.

"रांजणाचा काठ, जमिनीपासून दोन फूट चार इंच," त्यांनी वाचलं. टेप लावला. दोन फूट चार इंच.

मालकांनीही टेप बघितला. त्या दिवसापासून ते अंगणात बादली घेऊन बसतात. "मोकळ्यात बरं वाटतं," म्हणतात. बजेट शेवटी त्रेसष्ट हजारांवर गेलं होतं. तेवढ्या पैशांची बाथरूम, आणि घरधनी उघड्यावर अंघोळ करतो. तीस वर्षं राहणाऱ्या आरशात बघायला कोणी नाही.

ब्लाउज शिवून साठवलेले पैसे घेऊन मी एकटी बाजारात गेले. दुकानदाराशी मोठ्याने बोलले. हँडल आता नऊशे चाळीसला झालं होतं. मिस्त्रींनी त्याच उंचीवर बसवून दिलं, मजुरी घेतली नाही. "हे काम तव्हाच करायचं होतं भाभी."

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर बघितलं. भिंत सगळीकडे सारखी ओली. बोटं गेली होती. मला हलकं वाटलं... आणि लगेच स्वतःचीच चीड आली. नऊशे चाळीस रुपयांचं काम होतं. एका माणसाच्या जाण्याआधी करायचं काम.

मग हँडलकडे लक्ष गेलं. स्टीलवर सगळीकडे वाफेचे थेंब होते. मध्ये चार बोटांपुरती जागा कोरडी, आणि त्यातही मधल्या बोटाच्या टोकाला थेंब.

भाची कॉलेजात सायन्स शिकते. ती म्हणते, स्टील कुठे लवकर तापतं, कुठे उशिरा, त्यामुळे होत असेल. असेल. मग आधी टाइलवर कसं होत होतं? मिस्त्रींनाही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. कोणाला कळलं तर सांगा.

माझेही गुडघे आता दुखतात. अंघोळ झाली की मी हँडल धरून उठते. ती चार बोटांची जागा सोडून, जरा बाजूला धरते.