राखणदाराचा नारळ

कोरगावात आमच्या शेजारी एक रंगारी राहतो. जन्मभर लोकांच्या भिंतींवरचे शेवाळ खरवडणारा माणूस. एका व्हिडिओ गेमवरून भुताचा सिनेमा काढणाऱ्यांनी त्याच्याकडून काजूच्या बागेतल्या घरावर शेवाळ रंगवून घेतले. दिग्दर्शक तीनदा बदलले. गेमवाल्यांना एकाचेही भूत पटेना. दर वेळी घर पुन्हा रंगवताना हा एवढेच म्हणे, "होतला, होतला." म्हणजे होईल, होईल.

शूटिंगच्या आधी जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथली राखण करणाऱ्या देवाला, सिनेमावाल्यांच्या वतीने गाऱ्हाणेही त्यानेच घातले होते: काम पुरे झाले की नारळ देऊ. सिनेमा बंद पडल्याचे आम्हाला पेपरातून कळले. त्याच सकाळी तो नारळ घेऊन निघाला.

"सिनेमा झालाच नाही, मग नारळ कसला?" मी चिडून विचारले.

"आमका कोणी सांगूक नाय," तो म्हणाला. "राखणदाराक तरी कोणी सांगूक व्हया."