धरलंस न्हवं?

आजारी माणूस खालावलाय, असं मावळात कुणी तोंडानं म्हणत नाही. म्हटलं की दुखणं वाढतं, असा समज. त्यामुळे तिरडीवरचा सोडला तर सगळेच हिंडतेफिरते असतात. घोटावड्याच्या धोंडाबाईचा जन्म ह्याच बोलण्यात गेला होता, आणि त्यानंच तिचा घात केला.

पानशेत फुटायच्या आदल्या साली ती पुण्याच्या एका दवाखान्यात आया होती. अंगावरून वारं गेलेल्यांना पुन्हा उठायला-बसायला, चालायला शिकवायचं, हे तिचं काम. मेंढरं राखणारा कुशाबा डावा पाय ओढत चालायचा. ती त्याला काखेत धरायची आणि मध्येच हळूच हात काढून घ्यायची.

"धरलंस न्हवं, धोंडाबाय?"

"धरलंय," ती खुशाल सांगायची. तेवढी दोन पावलं तो एकटा टाकायचा आणि तिचा जीव सुपाएवढा व्हायचा.

पुढं कुशाबाला मुळशीला, धरणाकाठच्या लुळ्यापांगळ्यांच्या सेवाघरात कायमचं ठेवायचं ठरलं. तिथनं न्यायला आलेल्या कोंडाजीनं विचारलं, चालतोय का? निघत्या माणसाबद्दल वाईट कसं बोलायचं? चालतोय की, असं ती म्हणाली. दवाखान्यात चालणं म्हणजे धरून चालणं. सेवाघरात म्हणजे आपलं आपण. कोंडाजीनं दुसऱ्याच सकाळी त्याला तोंड धुवायला धरणाच्या पायऱ्यांवर एकटं धाडलं. कुशाबा पाण्यात गेला, तो गेलाच.

धोंडाबाईला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पुण्याची नोकरी सोडून ती त्याच सेवाघरात कामाला राहिली. भरदुपारी पडवीत तिच्या मागून एक पाय घासत यायचा. तिचा हात आपोआप मागं जायचा, काखेत धरायला. हाताला काही लागायचं नाही. तिला भ्या वाटायचं, आणि आवाज आला नाही की त्याहून जास्त वाटायचं.

तेव्हापासून नवं माणूस आलं की ती दारातच अडवायची. येसाजी आपल्या म्हाताऱ्या बहिणीला, तुळजाबाईला घेऊन आला, तेव्हाही तिनं विचारलं. चालती की, तो म्हणाला. धरून का सोडून? दारात अशुभ बोलायला त्याची जीभ रेटेना. तो चिडून गाडीकडं वळला, तशी ती आडवी आली.

"दादा, तुमच्या तोंडानं सांगा. त्याबिगर मी हिला आत घेत न्हाई."

येसाजीनं मान खाली घातली. "धरावं लागतं," तो म्हणाला.

धोंडाबाईनं तुळजाबाईच्या काखेत हात घातला. पडवीच्या पहिल्याच पायरीवर म्हातारी थबकली.

"धरलंस न्हवं, बाय?"

"धरलंय," धोंडाबाई म्हणाली, आणि ह्या खेपेला हात काढला नाही.

पाय ओढत ओढत दोघी वर आल्या, थांबल्या. मागच्या पायरीवर एक पाय अजून घासत होता.